ज्याचं टोकन त्याचा डोळा

माझं अख्खं आयुष्य धुळ्याच्या बसस्थानकावर, कंट्रोल केबिनच्या जाळीमागे गेलं. माणसांना रांगेत कसं उभं करायचं हे मला कोणी शिकवायला नको, असा माझा ठाम समज होता. जळगावातल्या एका डोळ्यांच्या ओपीडीनं तो पार धुऊन काढला.

झालं असं, की मी रिटायर झालो आणि घरात बसून बायकोच्या स्वयंपाकघराचं वेळापत्रक लावायला लागलो. कुकर उशिरा का लागला, पोळ्या अजून का सुटल्या नाहीत, असं. बायकोनं काही दिवस ऐकून घेतलं आणि मग माझ्यासमोरच भाचीला फोन लावला. "तुझ्या मामाला कामाला लाव बाई, नाहीतर मी माहेरी जाते." ह्या वयात माहेरी कोण बसलंय हिचं, असं मी म्हणणार होतो, पण तिचा चेहरा बघून गप्प बसलो.

भाची डोळ्यांची डॉक्टर. बाहेर शिकली आणि परत येऊन जळगावात ओपीडी टाकली. तिथे फक्त तपासणी चालते. ऑपरेशनं दुसऱ्या एका हॉस्पिटलात. दर गुरुवारी ती धुळ्यालाही बसते. तिला मॅनेजर हवाच होता, कारण आधीचे दोघे काम सोडून पळाले होते. का पळाले, हे मी विचारलं नाही. मी म्हटलं, अगं, दिवाळीच्या गर्दीत मी फलाट सांभाळलेत, तुझी चार माणसं काय घेऊन बसलीस? ती नुसती हसली. आमचं बिऱ्हाड जळगावला हललं.

पहिल्या दिवशी सकाळी गेलो तर दवाखान्याचं शटर बंद आणि पायऱ्यांवर रांग. माणसांची नव्हे, वस्तूंची! कापडी पिशव्या, मेडिकलच्या कॅरीबॅगा, पाण्याची रिकामी बाटली, एक डावी चप्पल, आणि वरून तिसऱ्या पायरीवर भरताची वांगी, देठासकट. माणसं सगळी समोरच्या टपरीवर चहा पीत होती. मी विचारलं, "ही वांगी कोणाची?" तर असोद्याचे एक नाना लांबूनच ओरडले, "ओ, हात लावू नका! नंबर आहे तो माझा!" मी म्हटलं, नाना, पिशवी नव्हती का? म्हणाले, "पिशवी होती, पण ती मेहुणीच्या नंबराला लावली."

शटर उघडल्यावर जी झुंबड उडाली, ती मी लग्नसराईतसुद्धा पाहिली नव्हती. एकाच कापडदुकानाच्या दोन सारख्या पिशव्या निघाल्या आणि त्यावरून दोन अक्कांची जुंपली. तेवढ्यात कोणीतरी चप्पल घालून गेलं आणि त्या चपलेचा मालक एका पायानं उड्या मारत माझ्याकडे तक्रार घेऊन आला. दुपारपर्यंत माझ्या नाकी नऊ आले.

भाची तोवर हातावर हात ठेवून बसली होती असं नाही. दवाखान्याचा कारभार कसा सुधारावा ह्याच्या एका शिबिराला ती जाऊन आली होती. तिथे तिला सांगितलं होतं, की पेशंटला सारखं विचारावं लागू नये, वाट आपोआप कळावी. म्हणून तिनं फरशीवर रंगीत पट्टे ओढून घेतले. पिवळ्या पट्ट्यावरून गेलं की चष्म्याचा नंबर तपासायची खोली, हिरव्यावरून गेलं की डॉक्टर. शिबिरात हे फार छान वाटलं असणार. आमच्याकडे काय झालं? बायाबापड्यांनी त्याला रांगोळी मानलं. एकीनंही पाय ठेवला नाही. साड्या गोळा करून, पट्टा ओलांडून, भिंतीला घासत घासत जायच्या, आणि कोणाच्या पोरानं पाय दिलाच तर पाठीत धपाटा. "बाईंनी एवढी मेहनत केली, तुडवतो काय मेल्या?" शेवटी पट्टे भिंतीवर घ्यावे लागले.

मग मी माझं डोकं चालवलं. प्लास्टिकची नंबर घातलेली टोकनं आणली. आला तसा टोकन घे, खुर्चीवर बस, नंबर पुकारला की उठ. ह्यात न समजण्यासारखं काय आहे? वर एक माइकही बसवून घेतला. खरं सांगतो, माइक हातात आला आणि माझा जीव सुखावला. इतक्या दिवसांनी घसा मोकळा झाला. "लक्ष द्या, लक्ष द्या! टोकन क्रमांक बारा, खोली क्रमांक दोनला लागत आहे. टोकनधारकांनी आपापल्या सामानासह..."

भाची आतून तरातरा बाहेर आली. "मामा, हा दवाखाना आहे."

"मग मी काय चुकीचं बोललो?"

"बारा नंबरची आजी सामान उचलून रस्त्यावर गेली. आणि तिच्या मागे अजून चौघं गेली."

त्या सगळ्यांना परत आणून बसवलं. तेव्हापासून मी माइकवर मोजकंच बोलायला लागलो. निदान ती आत ऐकत असेल तेव्हा.

पण खरी गंमत पुढेच. टोकन म्हणजे माणूस, हे माझं गणित होतं. ह्या लोकांच्या लेखी टोकन म्हणजे हातातला खाऊ. शेजारच्याला दिल्याशिवाय तो खायचाच नाही! समोर खुर्च्यांवर माझ्यादेखत एक वेगळीच पंचायत भरायची. हिच्या कडेवर लेकरू आहे, हिला आधी जाऊ द्या. त्याची गाडी लवकरची आहे. ह्यांच्या घरी आज पोरीला बघायला पाहुणे येणार आहेत, त्या मुलीच्या आईला सोडा पुढे. आणि ही? ही आमच्या काकूच्या माहेरची. बस्स, एवढं कारण पुरे. टोकनं ह्या हातातून त्या हातात, त्या हातातून तिसऱ्या हातात. मी नऊ नंबर पुकारायचो तेव्हा टोकन घेतलेलं असायचं मिशीवाल्या एका दादांनी, आणि उठायची कोणीतरी पोटुशी बाई. फाइल मात्र टोकनाच्या नंबरानं आत गेलेली. एकदा भाचीनं फाइल वाचत वाचत "मोतीबिंदू चांगला पिकलाय, आता काढून टाकू," असं म्हणून मान वर केली, तर समोर अकरावीतली पोरगी. पोरगी रडायलाच लागली.

आणि जावईबापूंचं प्रकरण तर विचारूच नका. असोद्याच्या एक अक्का, त्यांना मोटरसायकलवर घेऊन त्यांचा जावई आला होता. नवाच जावई, लग्नाची हळद अजून उतरायची होती. अक्का पाणी प्यायला उठल्या, तेव्हा टोकन त्यांनी जावयाच्या हातात दिलं. तेवढ्यात नंबर पुकारला गेला. सिस्टरनं टोकन पाहिलं, बाकावर बसवलं आणि म्हणाली, "मान वर करा, डोळे उघडा." बाहुल्या मोठ्या करायचं औषध असतं ते. घातलं की पुढे काही तास समोरचं अंधुक दिसतं आणि उन्हात डोळे उघडत नाहीत. जावयानं निमूट मान वर केली. सिस्टरनं औषध घातलं, थोड्या वेळानं परत घातलं, तरी हा गप्प! अक्का परत येऊन बघतात तर जावईबापू डोळ्यांवर कापूस धरून बसलेले.

मी कपाळाला हात लावला. म्हटलं, अहो पाहुणे, तुम्हाला तोंड नाही का? सांगायचं ना, की पेशंट मी नाही म्हणून!

तो खाली मान घालून म्हणाला, "टोकन सासूबाईंनीच हातात दिलं होतं. त्यांच्याकडचा दवाखाना. म्हटलं, पद्धत असेल."

आता ह्याला काय बोलणार? मोटरसायकल चालवायची सोय राहिली नव्हती. ती गाडी आमच्या दारात उभी केली आणि दोघांना मी स्वतः असोद्याच्या बसमध्ये बसवून दिलं. अक्का पदरानं तोंड झाकून हसत होत्या आणि जावयाला हाताला धरून चालवत होत्या. दुसऱ्या दिवशी मी भिंतीवर ठळक अक्षरात पाटी लावली: ज्याचं टोकन त्याचाच डोळा. लोकांनी ती वाचली, "बरोबर आहे" म्हणाले, आणि टोकनं वाटून घेतली.

ह्या सगळ्या धुमाळीत मला एकच आधार होता. आबा.

आबांचं गाव चोपड्याच्या पुढे, सातपुड्याच्या पायथ्याशी. तिथे कोरडवाहू शेती, नाहीतर जंगलातलं गोळा करून विकायचं, नाहीतर मजुरी. आबा महिन्यातून एकदा गावातली डोळ्यांची तक्रार असलेली सगळी माणसं गोळा करून आमच्याकडे आणायचे. टोपी, काठी, आणि आवाज असा की मला माइकची लाज वाटावी. त्यांचा स्वतःचा डावा डोळा आमच्याकडे यायच्या आधीच काचबिंदूनं गेला होता. उजव्यालाही तोच आजार. काचबिंदू फार हलकट. डोळ्यातला दाब वाढतो, आतली नस सुकत जाते, पण दुखत नाही, खुपत नाही. अंधार कडेकडेनं आत सरकतो आणि माणसाला पत्ता लागत नाही. गेलेलं परत येत नाही. राहिलेलं राखायचं, तर ठरल्या वेळी दाब मोजून घ्यायचा आणि लागेल तसं औषध बदलायचं. आबांना भाचीनं दर महिन्याला बोलावलं होतं, आणि ते दर महिन्याला येतही होते.

आले की दाराजवळच्या खुर्चीवर बसायचे आणि पंचायतीचा ताबा अहिराणीत घ्यायचे. "तिना पोर्‍या रडी राह्यना, तिले पह्यले जाऊ द्या." "तू तं गावमाच राहस रे, तुले कसानी घाई?" बसल्या जागेवरून दोन शब्दांत गर्दी लावून द्यायचे. कोणी हूं का चूं करायचं नाही. माझ्या माइकला जे जमत नव्हतं, ते आबा नुसत्या काठीच्या टोकानं करायचे. मी त्यांना चहा सांगायचो. त्यांच्या शेजारी बसून तासन्‌तास गप्पा व्हायच्या. मनात म्हणायचो, हा माणूस आमच्या डेपोत असता, तर मी निम्मं आयुष्य आरामात काढलं असतं.

एका गुरुवारी आम्ही धुळ्याहून परत येत होतो. धुळ्याच्या ओपीडीत माझी वेगळीच तऱ्हा व्हायची. तिथे मला सगळे ओळखतात, त्यामुळे टोकन कोणी मागत नाही, "साहेब, सोनगीरची लागली का?" एवढंच विचारतात. त्या दिवशी गाडीत भाची खुशीत होती. म्हणाली, "मामा, तुम्ही आल्यापासून जळगावची गर्दी बरीच आवरली हं."

मीही मोठेपणानं म्हटलं, "अगं, माझं कसलं. आबा असले की सगळं सुरळीत होतं. दर महिन्याला न चुकता येतात बिचारे."

"कोण आबा?"

"अगं, ते चोपड्याकडचे. काचबिंदूवाले. एक डोळा गेलेले."

तिनं गाडी रस्त्याच्या कडेला घेतली आणि थांबवली. बाहेर ऊन मी म्हणत होतं.

"मामा, त्यांना मी थंडीत पाहिलंय. त्यानंतर नाही. मला वाटलं, ते दुसऱ्या डॉक्टरकडे गेले."

"असं कसं? दर महिन्याला तर..."

"दर महिन्याला तुमच्या शेजारी बसतात. आत कधी येतात?"

मी आठवायला लागलो. आबा येतात, टोकन घेतात. मग ते टोकन कोणाच्या तरी हातात असतं. "मना काय, मी मांगून जासू," माझं काय, मी मागून जाईन, असं म्हणतात. मग दुपार होते, त्यांच्या गाडीची वेळ होते, आणि खालच्या मेडिकलमधून जुन्याच औषधाची बाटली घेऊन ते गाव गोळा करून निघून जातात. मी वर हात हलवून निरोप देतो.

"तुमच्या दारात बसून त्यांचा डोळा चाललाय आणि तुम्ही त्यांना चहा पाजताय?" भाची असं कधी बोलत नाही माझ्याशी. मला आबांचा असा काही राग आला होता की सांगता सोय नाही.

आबांना गावी फोन लावला. म्हणाले, येतो की, माणसं गोळा झाली की येतो. मी म्हटलं, माणसं मरू देत, तुम्ही या! पण आले ते गाव घेऊनच.

मी तयारीतच होतो. पहिलं टोकन काढून त्यांच्या हातात कोंबलं. म्हटलं, आबा, हे कोणाला द्यायचं नाही. "नही देत," म्हणाले. मी शटरचं कुलूप ठेवायला वळलो आणि परत आलो, तर टोकन एका पोरीच्या मुठीत, कडेवर तान्हं लेकरू. मी दात ओठ खाल्ले. ठीक आहे, टोकनच नको. सरळ नावानं पुकारलं. एक माणूस उठला आणि आत गेला. भाचीनं त्याचे दोन्ही डोळे तपासले, दोन्ही ठणठणीत. "आबांच्या नावावर तुम्ही कसे?" तर म्हणे, "आबांनीच सांगितलं, मना नाववर तू जाय." मी बाहेर येऊन आबांसमोर उभा राहिलो.

"आबा, चला आत."

"बठ्ठा आटपू दे, मंग देखू. मना डोया काय पयी चालना का?" डोळा काय पळून चाललाय, म्हणे.

"चला म्हणतो ना!"

"गाडी निंघी जाई ना, मामा." भाची मला मामा म्हणते म्हणून सगळी ओपीडीच मला मामा म्हणते.

गाडी? मला गाडीचं कारण? मला? माझं टाळकंच सटकलं. "आबा, ती गाडी गेली तर मागून चोपड्याची दुसरी आहे. ती गेली तर यावलवरून जाणारी आहे. तीही गेली तर चोपड्यापर्यंत मी तुम्हाला नेऊन घालतो आणि पुढची जीप बघून देतो. सगळ्या खानदेशातल्या गाड्या माझ्या डोक्यात आहेत. गाडी सोडून दुसरं कारण सांगा!"

आबा काठीची मूठ नुसती घट्ट धरून बसले. मग मी जे केलं, त्याबद्दल भाचीनं नंतर मला धारेवर धरलं, आणि बरोबरच केलं. पेशंटचा आजार काय माइकवरून सांगायचा असतो? पण तेव्हा मला सुचलं ते हेच. मी माइक उचलला.

"लक्ष द्या, लक्ष द्या! दाराजवळ बसलेल्या आबांचा नंबर कोणीही घेऊ नये. ह्यांचा एक डोळा गेलाय. दुसरा जायच्या वाटेवर आहे. आणि हे गृहस्थ महिनोन्‌महिने तुम्हाला नंबर वाटत बसलेत!"

ती लेकरूवाली पोर उठली. तिनं टोकन आणून आबांच्या मांडीवर ठेवलं आणि तिथेच उभी राहिली. त्यांच्या गावची एक म्हातारी म्हणाली, "आबा, आम्हले काय म्हाईत व्हतं का? आते तुम्ही जाशात तं आम्ही जासूत. नही तं बठ्ठा आठेच बशेल शेत." आणि खरोखरच, भाचीनं आतून घंटी वाजवली, परत वाजवली, तरी कोणी हललं नाही. शहरातले पेशंटसुद्धा टोकनं मुठीत धरून आबांकडे बघत राहिले.

आबा ताडकन उठले. मला वाटलं, काठी घालतात आता डोक्यात.

"माले भ्याव वाटस!" ते ओरडले. "समजनं का? भ्याव वाटस माले! पह्यला डोया गया तवय डाक्टरनी असंच घडीभर देखं आन सांगं, गया. आते हाऊ बी गया, असं सांगं तं? आठे बाहेर बशेल शे तवलोंग माले दिखस ना!"

हाही गेला असं सांगितलं तर? बाहेर बसलोय तोवर मला दिसतंय, असं म्हणत होते ते. इतक्या मोठ्यानं ओरडले आणि मग एवढ्या माणसांत आपण हे काय बोलून गेलो म्हणून त्यांचा चेहरा उतरला. माझा राग कुठे गेला कोण जाणे. मला रडूच यायला लागलं. मी त्यांचा हात धरला आणि म्हटलं, "आबा, मी बी शे ना तुमनासंगे. चला." आमच्या घरात आता कोणी अहिराणी बोलत नाही, पण त्या वेळी तोंडातून तीच आली.

आधी भाचीनं दाब मोजला. मग त्यांना अंधाऱ्या खोलीत मशीनसमोर बसवलं. कडेची नजर किती उरलीय ते त्यात कळतं. एका पांढऱ्या वाटोळ्या पडद्याकडे बघत राहायचं, त्यावर कुठेतरी बारीक उजेड लुकलुकतो, तो दिसला की हातातलं बटण दाबायचं. मी कोपऱ्यात स्टुलावर बसलो. मशीन सुरू झालं मात्र, आबांनी बटणाचा असा काही सपाटा लावला, टक टक टक टक! भाचीनं मशीन बंद केलं.

"आबा, उजेड दिसला तरच दाबायचं."

"दिखस ना!"

"मी मशीन सुरू करायच्या आधीपासून दिसतोय?"

आबा ओशाळले. "माले वाटनं, जितलं जास्ती दाबसू तितला पास हुई जासू."

मला एवढ्यातही हसू फुटलं, आणि आबाही हसले. भाची मात्र हसली नाही. ती त्यांच्यासमोर वाकून म्हणाली, "आबा, ह्यात पास-नापास नाही. तुम्ही खरं दाबलं तरच मला खरं औषध देता येईल." आबांनी मान हलवली, टोपी नीट केली, आणि परत हनुवटी मशीनवर टेकवली.

आता टक झालं. मग काहीच नाही. मग परत टक. मग मशीन आपलं घूं घूं करत राहिलं आणि आबांचा अंगठा बटणावर नुसता थांबून राहिला. उजेड कुठे कुठे लुकलुकत असणार, हे मला माहीत होतं. माझ्या अगदी ओठांवर आलं, आबा दाबा हो, दाबा की! स्टूल दोन्ही हातांनी धरून बसलो होतो मी. एका टकेपासून दुसऱ्या टकेपर्यंत श्वास घ्यायचं भान राहत नव्हतं. बाहेर एवढं गाव बसलं होतं, पण एक पोर रडल्याचाही आवाज नव्हता.

संपल्यावर भाचीनं दिवा लावला. तिनं काही लपवलं नाही. "आबा, एका बाजूची नजर बरीच गेलीय. ती आता येणार नाही. मधली चांगली आहे. दाब वाढलाय, त्याला एका औषधानं भागायचं नाही. मी दुसरंही देते, आणि एकदा लेझर करून घेऊ. उरलंय ते राखता येईल."

"म्हंजे गया नही?"

"नाही गेला."

आबांनी टोपी काढून त्या टोपीनंच डोळे पुसले, आणि मला म्हणाले, "मामा, चहा सांग." तो चहा त्या दिवशी सगळ्या गावाला सांगितला. गाडी अर्थातच चुकली. पुढची कुठली, ते मी माइकवरून सविस्तर सांगितलं आणि भाचीनं एकदाही अडवलं नाही.

पुढच्या महिन्यात आबा आले ते लेझर झाल्यावर, दाब मोजायला. मागे नेहमीप्रमाणे गाव होतंच. मी पहिलं टोकन त्यांच्या हातावर ठेवलं आणि मुद्दामच काही बोललो नाही. माइकपाशी जाऊन बसलो आणि बघत राहिलो.

त्यांच्या शेजारच्या खुर्चीवर एक अनोळखी पोरगी येऊन बसली. मांडीवर लेकरू, त्याचे डोळे चिकटलेले, आणि ते असं भोकाड पसरून रडत होतं की भिंतीवरची पाटी हलावी. आबांनी लेकराकडे बघितलं. मग हातातल्या टोकनाकडे. त्यांच्या गावची माणसं त्यांच्याकडे बघायला लागली. मीही पुकारायचं विसरून बघत होतो. आबांचा हात खुर्चीच्या दांड्यावरून थोडा उचलला गेला.

"बहीण, तुना कितला नंबर शे?"

"चार," ती म्हणाली.

"मना पह्यला शे." टोकन मुठीत धरून आबा उठले. कानापर्यंत लाल झाले होते. कोणाकडेही न बघता, काठी आपटत, भाचीच्या खोलीच्या पडद्यापाशी गेले. तो बाजूला सारताना जरा चाचपडले, आणि आत गेल्या गेल्या भाचीवर खेकसले, सगळ्या ओपीडीला ऐकू गेलं:

"बाई, बेगीनं देख मना डोया. बाहेर लेकरू रडी राह्यनं!"